सी ड्राइव्ह कॉपी-पेस्ट केला म्हणून विंडोज नव्या डिस्कवर जात नाही

सध्या एक संदेश बराच फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘नवी डिस्क लावा, जुना सी ड्राइव्ह सगळा सिलेक्ट करून तिच्यावर पेस्ट करा, विंडोज आणि सगळी सॉफ्टवेअर जशीच्या तशी चालतील. क्लोनिंगच्या भानगडीत पडू नका, नवी डिस्क जुनीपेक्षा मोठी असेल तरच ते जमतं. विंडोजचं लायसन्स मात्र नवं घ्यावं लागेल. जुनी डिस्क अडखळत असेल तर आधी चेकडिस्क चालवा. काम झालं की जुनी लगेच फॉरमॅट करून वापरायला घ्या.’ (क्लोनिंग म्हणजे अख्खी डिस्क, तिच्या सगळ्या भागांसकट, साधनाने नव्या डिस्कवर उतरवणं; चेकडिस्क म्हणजे डिस्कमधल्या चुका शोधणारं विंडोजचं साधन.) संदेशातलं एकही वाक्य जसंच्या तसं बरोबर नाही आणि शेवटची दोन तर डेटा घालवणारी आहेत.

‘सी ड्राइव्ह पेस्ट करा.’ गोंधळाचं मूळ इथेच आहे. यूईएफआय पद्धतीच्या, म्हणजे नव्या प्रकारच्या फर्मवेअरच्या (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) मशीनवर विंडोजच्या डिस्कवर सहसा चार पार्टिशन, म्हणजे डिस्कचे वेगळे भाग, असतात: साधारण १०० एमबीचं, फॅट३२मधलं ईएफआय पार्टिशन, १६ एमबीचं राखीव पार्टिशन, मग सी, आणि मागे रिकव्हरी. फाइल एक्सप्लोररला यातलं फक्त सी दिसतं. पण मशीन चालू झाल्यावर फर्मवेअर आधी ईएफआय पार्टिशनमधला बूट मॅनेजर शोधतं आणि विंडोज कुठल्या पार्टिशनवर आहे ते तिथल्या नोंदीवरून ठरतं. तेच पार्टिशन नसेल तर नव्या डिस्कवर सगळ्या फाइली असूनही ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ एवढंच दिसणार.

ते पार्टिशन हाताने बनवलं तरी प्रश्न सुटत नाही. चालू विंडोजमध्ये रजिस्ट्रीच्या (विंडोज आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगच्या नोंदवहीच्या) मूळ फाइली कुलूपबंद असतात, त्या कॉपी होतच नाहीत. डिस्क दुसऱ्या मशीनला लावून कॉपी केली, तर फाइलींची मालकी आणि परवानग्या बदलतात. ट्रस्टेड इन्स्टॉलर या विंडोजच्या अंतर्गत खात्याच्या मालकीच्या सिस्टम फाइली कॉपी करणाऱ्याच्या नावावर येतात. विनएसएक्सएस फोल्डरमधल्या हार्ड लिंक (एकाच फाइलची अनेक ठिकाणची नावं) तुटून त्यांच्या वेगळ्या प्रती होतात आणि जागा फुगते. सॉफ्टवेअरचंही तेच. प्रोग्रॅम फाइल्स हे फोल्डर म्हणजे अर्धंच सॉफ्टवेअर. उरलेलं रजिस्ट्रीत, प्रोग्रॅमडेटात, ॲपडेटात आणि सर्व्हिसच्या नोंदींत असतं.

फाइलवार स्थलांतर होतच नाही, असं मात्र नाही. विंडोज बंद ठेवून, विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून ‘डिसम’ या विंडोजच्याच साधनाने सीची इमेज घेऊन ती नव्या डिस्कवर उतरवता येते, कारण ते साधन परवानग्या आणि हार्ड लिंक जपतं. मग ‘बीसीडीबूट’ कमांडला नवं विंडोज फोल्डर आणि ईएफआय पार्टिशनचं अक्षर दिलं की बूटच्या फाइली तयार होतात. लिनक्सवर तर ‘आरसिंक’ या कॉपीच्या साधनाने हे सर्रास करतात, फक्त नंतर एफएसटॅब या पार्टिशनच्या यादीच्या फाइलमधले यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचे ओळखक्रमांक, बदलून ग्रब हे बूट करून देणारं सॉफ्टवेअर पुन्हा बसवावं लागतं. पण हे करणाऱ्या माणसाला त्या संदेशाची गरज नसते. बाकीच्यांनी क्लोन मारावा.

क्लोनआधीची तयारी पाच-दहा मिनिटांची आहे, आणि बहुतेक क्लोन तिच्याअभावीच फसतात. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू असेल तर ते तात्पुरतं थांबवा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर घ्या. फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना ‘शट डाउन’ म्हणजे अर्धवट हायबरनेशन असतं आणि लिनक्सवर चालणारी क्लोनिंग साधनं असा सी ड्राइव्ह सहसा नाकारतात. साटा (जुन्या जोडणीच्या) डिस्कवरून एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीच्या) डिस्कवर जायचं असेल तर क्लोनच्या आधी ‘एमएसकॉन्फिग’मध्ये सेफ बूटवर खूण करून ठेवा. जुन्या विंडोजने एनव्हीएमईचा ड्रायव्हर बूटच्या वेळी कधी वापरलेला नसतो, त्यामुळे पहिल्याच बूटला ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ची निळी स्क्रीन येऊ शकते. सेफ मोडमध्ये एकदा चढलं की ड्रायव्हर जागेवर बसतो, मग ती खूण काढायची. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, खात्याचा पासवर्ड माहीत असू द्या. बायोसमधला साटाचा मोड, म्हणजे एएचसीआय की रेड, मध्येच बदललात तरी हीच निळी स्क्रीन येते.

जुनी डिस्क एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीची असेल तर नवीवर २ टीबीच्या पुढची जागा वापरता येणार नाही. विंडोज १०च्या १७०३ आवृत्तीपासून ‘एमबीआरटूजीपीटी’ हे डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीत नेणारं साधन सोबतच येतं. आधी त्याची तपासणी चालवा, ती पार पडली तरच रूपांतर करा आणि मग बायोसमध्ये यूईएफआय बूट निवडा.

‘नवी डिस्क मोठीच हवी.’ हा नियम साधनाचा आहे, डिस्कचा नाही. क्लोनझिला हे क्लोनचं साधन मूळ सेटिंगमध्ये नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी मागतं. इतर अनेक साधनं फक्त वापरलेली जागा बघतात. १ टीबीच्या डिस्कवर १८० जीबी भरलेलं असेल तर ५०० जीबीच्या एसएसडीवर ते आरामात बसतं. विंडोजला ही एसएसडी ४६५ जीबीची दिसते, ती फक्त मोजण्याची पद्धत. डिस्क मॅनेजमेंटमधून सी लहान करताना मध्येच अडलं, तर पेजफाइल, हायबरनेशनची फाइल आणि रिस्टोअर पॉइंट हे नेहमीचे संशयित. तिन्ही तात्पुरते बंद करून पुन्हा प्रयत्न करा. मोठ्या डिस्कवर नेताना उलटी अडचण येते: रिकव्हरी पार्टिशन सीच्या लगेच मागे येऊन बसतं आणि ‘एक्स्टेंड’ करडं राहतं. जीपार्टेड या पार्टिशनच्या साधनाने ते शेवटाकडे सरकवलं की सी वाढवता येतो.

‘लायसन्स नवं घ्यावं लागेल.’ नाही. विंडोज १० आणि ११चं डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेलं असतं, डिस्कशी नाही. विंडोज ८पासून कंपनीकडून विंडोजसह आलेल्या मशीनमध्ये की बहुधा फर्मवेअरमध्येच असते. सांभाळायचं ते इतर महागड्या सॉफ्टवेअरचं. त्यातली काही डिस्कचा सिरियल नंबर बघतात, म्हणून तशी सॉफ्टवेअर क्लोनच्या आधी डीॲक्टिव्हेट करावीत.

‘अडखळणाऱ्या डिस्कवर चेकडिस्क चालवा.’ हे करू नका. ‘/आर’ लावून चेकडिस्क अख्खी डिस्क वाचतं, वर दुरुस्ती म्हणून तिच्यावर लिहितं. मरायला टेकलेल्या डिस्कला यातलं काहीच झेपत नाही. आधी स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल नोंदवते ते, आकडे बघा: क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न येणारे, निकालाच्या प्रतीक्षेतले, आणि १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे. क्रिस्टलडिस्कइन्फो हे स्मार्ट दाखवणारं सॉफ्टवेअर हेच क्रमांक ०५, सी५ आणि सी६ असे दाखवतं, आणि कच्चे आकडेही हेक्साडेसिमलमध्ये. तिथे ‘१०’ दिसलं तर ते सोळा असतात. १९७ शून्याच्या वर असेल तर साधा क्लोन वाचनाच्या चुकीवर थांबेल. तिथे जीएनयू डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कवरून डेटा उतरवणारं साधन वापरा. पहिली फेरी ‘-एन’ लावून, म्हणजे चांगला भाग आधी हाती येतो आणि खराब जागा मागे ठेवल्या जातात. दुसरी ‘-आर३’ लावून, उरलेल्यासाठी. मॅपफाइल (किती काम झालं याची नोंद) तिसऱ्याच डिस्कवर ठेवा, म्हणजे वीज गेली तरी काम तिथूनच पुढे चालू होतं. डिस्क टकटक आवाज करत असेल तर यातलंही काही नको. वीज तोडा, आतला डेटा मोलाचा असेल तर ती डेटा रिकव्हरीवाल्यांकडे द्या.

‘जुनी लगेच फॉरमॅट करा.’ आधी उलटं काम करायचं: मशीन बंद करून जुनी डिस्क काढायची, नवी यूएसबी केसिंगमधून नव्हे तर मशीनच्या आत बसवायची, आणि एकटीवर बूट करायचं. क्लोनमध्ये डिस्कची ओळखही जशीच्या तशी उतरलेली असू शकते. दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर विंडोज त्यातली एक ऑफलाइन टाकतं. लिनक्सवर एकाच यूयूआयडीची दोन पार्टिशन दिसून भलतंच माउंट होतं. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे नव्या डिस्कवर बूट झाल्यासारखं वाटतं आणि काम जुनीवर चालू असतं. मग जुनी पुसली की मशीन उठतच नाही.

एकट्या नव्या डिस्कवर रोजची सगळी सॉफ्टवेअर उघडून बघा, मेलचं जुनं फोल्डर उघडा, एखादं विंडोज अपडेट रीस्टार्टसकट पार पडू द्या, बिटलॉकर पुन्हा चालू करा. महिनाभर जुनी कपाटात राहिली तर बिघडत नाही. नंतर पुसायची तेव्हा ती यूएसबीला जोडा, ‘डिस्कपार्ट’मध्ये ‘लिस्ट डिस्क’ देऊन आकारावरून क्रमांक पक्का करा, दोन्हींचा आकार सारखा असेल तर ‘डिटेल डिस्क’मधलं मॉडेलचं नाव वाचा, आणि त्यानंतरच ‘क्लीन’ द्या. ही कमांड ‘नक्की ना?’ असं विचारत नाही.