युनो काय कामाची म्हणणाऱ्या गोंयकारांसाठी

परवा फोंड्याला चहा-मिरचीभजी खात होतो, बाजूच्या टेबलावर एकजण पेपर आपटून म्हणाला, ही युनो बंद करा बघू, एक युद्ध थांबवता येत नाही. मीही हेच म्हणायचो. पण आपण गोंयकारांनी बोलायच्या आधी १९६१ चा डिसेंबर आठवावा.

आमची आजी सांगायची, पोर्तुगीज पूल उडवत मागे सरले त्या आवाजाने गोठ्यातली गाय दावं तोडून पळाली. तारीख १८, भारतीय सैन्य गोव्यात शिरलं होतं. त्याच दिवशी तिकडे न्यूयॉर्कात सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान यांनी ठराव आणला, लढाई थांबवा आणि भारताने सैन्य मागे घ्यावं. बाजूने ७, विरोधात ४. म्हणजे आपण हरलोच होतो की! पण त्या ४ मध्ये सोव्हिएत रशिया होता, त्याचा व्हेटो पडला (परिषदेच्या पाच कायम सदस्यांपैकी एकानेही नाही म्हटलं की ठराव मेला) आणि ठराव गेला बाराच्या भावात.

गंमत बघा, १९६० मध्ये याच युनोने पोर्तुगालला सांगितलेलं की गोवा तुमचा 'सागरपार प्रांत' वगैरे काही नाही, ती वसाहत आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार ऐकेना, आणि ऐकायला लावायची ताकद युनोकडे नव्हतीच. आणि त्याच डिसेंबरात आपलेच जवान युनोच्या शांतिसेनेतून काँगोत लढत होते, कॅप्टन सलारिया ५ तारखेला तिथेच शहीद झाले, परमवीर चक्र मिळालं त्यांना.

व्हेटो म्हणजे दादागिरी, मान्य. पण तो आला कुठून? आधीच्या राष्ट्रसंघात अमेरिका शिरलीच नाही आणि तो दुसरं महायुद्ध थांबवू शकला नाही, म्हणून १९४५ ला मोठ्यांना धरून ठेवायला ही किंमत मोजली. २४ ऑक्टोबरला युनो सुरू झाली, मूळ सदस्य ५१ देश, त्यात भारतही, आणि आपण अजून इंग्रजांच्या ताब्यात! शांतिसेना हा शब्दसुद्धा युनोच्या चार्टरमध्ये, म्हणजे तिच्या घटनेत, नाही, ती नंतर गरजेपोटी उभी राहिली. मला तर हे ग्रामसभेसारखं वाटतं, आरडाओरडा फार, कामं कमी, पण निदान तोंडावर बोलायला जागा आहे, ती बंद करून भांडायचं कुठे?

म्हणून गाझा-युक्रेनवर व्हेटो पडला की राग येतो, शिवी तोंडात येते, आणि आजीची गाय आठवून अर्धी गिळतो. आता भारतालाही सुरक्षा परिषदेत कायम सीट हवीय. मिळाली आणि सोबत व्हेटोही मिळाला तर आपण तो कुणासाठी वापरणार, यावर कमेंटमध्ये भांडा, मी भजी संपवून येतो.