पावसानं धुतलेली घाण जाते कुठे?

मे महिना संपत आला की ट्रॉलरवाल्यांच्या आणि वर्कशॉपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला. थोडक्यात मजकूर असा: गोदीत, धक्क्यावर सांडलेलं तेल-ग्रीस पहिल्या दोन पावसांत धुऊन जातं. गटाराचं पाणी शेवटी शुद्ध होऊनच समुद्रात जातं. तसंच गेलं तरी बिघडत नाही, समुद्र अफाट आहे, भरती-ओहोटी सगळं साफ करते. खरं प्रदूषण मोठ्या जहाजांचं आणि शहराच्या मैल्याचं. लहान धंदेवाल्यांना हे नियम परवडत नाहीत आणि कायदाही त्यांच्यासाठी नाही.

भाऊच्या धक्क्याच्या परिसरात मी बावीस वर्षं बोटींच्या इंजिनांची कामं करतो. मेसेज पाठवणाऱ्यांत माझे जुने नाखवे आहेत, दोघं तर नात्यातले. त्यांच्याशी मला भांडायचं नाही. पण हा मजकूर खरा मानून आम्ही वर्षानुवर्षं जे केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"पाऊस सगळं धुऊन काढतो." काढतो, यात वाद नाही. पण तेल नाहीसं होत नाही, फक्त जागा बदलतं. साधा हिशेब करा. एक हेक्टरचं, म्हणजे अडीच एकराचं काँक्रीटचं यार्ड घ्या. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५ लाख लिटर पाणी होतं. जुलैत मुंबईत एका दिवसात एवढा पाऊस काही नवीन नाही. काँक्रीटमध्ये थेंबभरही मुरत नाही, सगळं उतारानं गटाराच्या जाळीकडे जातं आणि वाटेत जे भेटेल ते घेऊन जातं.

त्यातही आपल्या शहराची एक अडचण वेगळी आहे. जिथे बारा महिने थोडा थोडा पाऊस पडतो तिथे घाणही थोडी थोडी वाहते. आपल्याकडे ऑक्टोबरनंतर जवळजवळ आठ महिने काहीच पडत नाही. गंजाचा भुगा, डिझेलचे डाग, रंगाच्या कपच्या, बॅटरीतून गळालेलं ॲसिड, फोर्कलिफ्टच्या टायरांची काजळी असं सगळं साचत राहतं आणि जूनच्या पहिल्या सरींबरोबर एका लोंढ्यात निघतं. तो लोंढाच सगळ्यात विषारी असतो. ऑगस्टमध्ये जाळीखालचं पाणी बऱ्यापैकी साफ दिसतं, आणि ते बघून आपण म्हणतो, बघा, काही नाही.

दुसरी गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याच्या लक्षातच आलेली नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोटी धक्क्याला लागतात, काही वर ओढतात. इंजिन खोलणं, गिअरबॉक्स उतरवणं, तळ खरवडणं, रंग मारणं ही सगळी कामं त्याच दोन महिन्यांत. म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त तेल हाताळलं जातं, तेव्हाच आभाळ फाटलेलं असतं. इतर कुठल्या धंद्याचा हंगाम पावसाशी असा नेमका जुळत असेल, मला वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका जूनमध्ये आमच्या शेजारच्या यार्डातली जाळी तुंबली. पाणी शेडमध्ये शिरायला लागलं म्हणून मी आणि एक पोरगा झाकण उचलून हातानं गाळ काढायला बसलो. काळा, लोण्यासारखा मऊ गाळ. मूठ दाबली की बोटांच्या फटींतून डिझेलच्या वासाचं पाणी यायचं, तळहातावर इंद्रधनुष्यासारखे रंग पसरायचे. चोळून पाहिलं तर त्यात खरखरीत गंज आणि तांबूस कपच्या. त्या कपच्या मी ओळखल्या. आठवड्यापूर्वी एका ट्रॉलरचा तळ खरवडला होता, त्याच्याच होत्या. खाली काहीही न अंथरता खरवडला होता. साबणाचे तीन हात घेतले तरी वास गेला नाही, आणि त्याच हातांनी मी दुपारी डबा खाल्ला.

"गटाराचं पाणी शुद्ध होऊन जातं." नाही जात. मुंबईत मैल्याचं जाळं वेगळं आणि पावसाच्या पाण्याचं वेगळं आहे. शुद्धीकरण केंद्रांकडे जातं ते मैल्याचं पाणी. यार्डातल्या, रस्त्यावरच्या जाळीत पडतं ते पर्जन्यजल वाहिनीतून थेट खाडीत किंवा समुद्रात. रे रोडच्या ब्रिटानिया पंपिंग स्टेशनबद्दल कुणीतरी ग्रुपवर लिहिलं होतं की तिथे पाणी साफ करतात. ते स्टेशन भरतीच्या वेळी पाणी उपसून समुद्रात टाकण्यासाठी, सखल भाग बुडू नये यासाठी आहे. तिथे प्लास्टिक, लाकडं अडतील. पाण्यात मिसळलेलं तेल आणि विरघळलेलं तांबं अडत नाही.

"समुद्र अफाट आहे, भरती-ओहोटी साफ करते." हा मुद्दा सगळ्यांना पटतो. मलाही पटायचा. म्हणून यावर जरा थांबतो.

समुद्र अफाट आहे, पण आपलं बंदर नाही. एका बाजूला शहर, समोर मुख्य भूमी, वर ठाण्याची खाडी, असं ते कोंडलेलं पाणी आहे. उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं हे खरं, पण ओहोटीला गेलेल्या पाण्यातलं बरंचसं पुढच्या भरतीला परत येतं. धक्क्याच्या पायरीवर बसून कुणीही पाहू शकतो. सकाळी बाहेर गेलेला तवंग आणि त्यात अडकलेली थर्माकोलची पेटी दुपारी पुन्हा त्याच पायरीला टेकते. इंदिरा गोदीला तर दरवाजे आहेत, पाणी आत राखून ठेवायलाच ती बांधलीय. तिथे भरती-ओहोटी मोकळेपणी फिरत नाही. १८७५ सालच्या ससून डॉकचा हौद दाटीवाटीच्या वस्तीत आहे. त्यात शंभर बोटी उभ्या असताना पाणी कितीसं बदलणार?

आणि तेल किती पुरतं? पाण्यावर जो इंद्रधनुषी तवंग दिसतो तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असू शकतो. त्या हिशेबानं एक लिटर तेल दोन-तीन हजार चौरस मीटर पाणी झाकतं. एक लिटर म्हणजे फिल्टर बदलताना निष्काळजीपणे सांडलं तर सहज जाणारं तेल.

तवंग निदान दिसतो. न दिसणारं जास्त वाईट. जड धातू आणि तेलाचा जड भाग गाळाला चिकटतो आणि प्रवाह मंदावला की तळाशी बसतो. शिवडीच्या चिखलात फ्लेमिंगो येतात त्यांचे फोटो आपण हौसेनं फॉरवर्ड करतो. तो पक्षी चोचीनं चिखल-पाणी गाळून खातो. कालवं, तिसऱ्या, निवट्या, चिंबोऱ्या याच चिखलात जगतात, आणि ओहोटीला त्या गोळा करायला कोळीवाड्यातल्या बायका याच चिखलात गुडघाभर उतरतात. आपण जाळीत टाकलेलं त्यांच्या पायाशी जाऊन बसतं.

तळाच्या रंगाबद्दल एक जुनी गोष्ट सांगतो. बोटीच्या तळाला शिंपले धरू नयेत म्हणून पूर्वी रंगात ट्रायब्युटिलटिन नावाचं द्रव्य घालायचे. फ्रान्समध्ये बोटींच्या गर्दीच्या एका खाडीत कालवांची कवचं वेडीवाकडी, जाड व्हायला लागली तेव्हा ते उघडकीला आलं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, एवढ्या प्रमाणात समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटत होती. अखेर जगभर बंदीचा करार झाला आणि तो २००८ मध्ये लागू झाला. समुद्र तिथेही अफाटच होता. आज त्या जागी मुख्यतः तांब्याचे रंग आहेत. तांबं शिंपल्यांना मारतं म्हणूनच ते रंगात असतं. खरवडलेली कपची गटारात गेली म्हणून त्याचं काम थांबत नाही.

"खरं प्रदूषण मोठ्या जहाजांचं आणि मैल्याचं." यातला अर्धा भाग मी मान्य करतो. शहराचा मैला ही आपल्या किनाऱ्याची फार मोठी घाण आहे, आणि ७ ऑगस्ट २०१० ला चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली तेव्हा सुमारे ८०० टन तेल सांडलं. मासळी कुणी घेईना, ते दिवस आम्ही विसरलेलो नाही. पण मोठ्या जहाजांना निदान आंतरराष्ट्रीय बंधन आहे. बिल्जचं, म्हणजे जहाजाच्या तळाशी साचलेलं तेलकट पाणी बाहेर सोडायचं तर त्यात तेल दहा लाख भागांत १५ पेक्षा जास्त चालत नाही, मोजायचं यंत्र लागतं, नोंदवही लागते. आमच्या शेडच्या जाळीवर ना यंत्र ना वही. शेजाऱ्याचं घर जास्त घाण आहे म्हणून आपला कचरा कुणी स्वयंपाकघरात टाकत नाही.

"लहान धंद्याला परवडत नाही." हे ऐकलं की मला खरोखर वाईट वाटतं, कारण परवडणाऱ्या गोष्टीसुद्धा आपण करून पाहिलेल्या नाहीत. मोठं यंत्र कुणीच मागत नाहीये. इंजिनखाली पत्र्याचा ट्रे ठेवा. जुन्या बॅरलचा तळ कापला तरी होतो. ऑइल काढताना नरसाळं वापरा. ड्रम उघड्यावर ठेवू नका, छपराखाली ठेवा आणि भोवती विटांचा कठडा घाला, इतका उंच की सगळ्यात मोठा ड्रम फुटला तरी तेल आतच राहील. सांडलंच तर आधी भुसा टाका, मग झाडा. पाइप लावून धुऊ नका. साबण टाकून धुणं तर आणखी वाईट, कारण तेल बारीक कणांत फुटून पाण्यात मिसळतं आणि मग ते सहजासहजी वेगळं होत नाही. तळ खरवडण्याआधी खाली ताडपत्री पसरा, संध्याकाळी कपच्या गोणीत भरा. आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस पडण्याआधी, सगळं यार्ड एकदा कोरडं झाडून घ्या. पहिल्या लोंढ्याला न्यायला काही उरलंच नाही तर अर्धं काम तिथेच झालं.

जळकं ऑइल गटारात सोडणं म्हणजे पैसे सोडणं. ते विकलं जातं. फक्त कुणाही भंगारवाल्याला देऊ नका. वापरलेलं तेल धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येतं, नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवं.

ज्यांची जागा मोठी आहे, पाच-दहा बोटी एकदम लागतात, त्यांनी तीन कप्प्यांची टाकी बांधावी. पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यात तेल वर तरंगतं आणि पाणी खालच्या पाइपानं तिसऱ्यात जातं. पण ती वेळेवर उपसली नाही तर तिचा उपयोग शून्य. भरलेल्या टाक्या मी पाहिल्यात. वरचं तेल मोठ्या पावसात एका झटक्यात बाहेर पडतं.

"कायदा कारखान्यांसाठी आहे." १९७४ च्या जल कायद्याचं कलम २४ वाचा. त्यात कारखाना हा शब्द नाही, "कोणतीही व्यक्ती" आहे. जाणूनबुजून, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे, प्रवाहात, गटारात किंवा जमिनीवर दूषित पदार्थ जाऊ देणं त्यात येतं. अमेरिकेत १९८७ च्या दुरुस्तीनंतर बंदरं आणि बोटदुरुस्तीची यार्डंसुद्धा पावसाच्या पाण्यासाठीच्या परवान्याखाली आली. यार्डवाल्याला स्वतःच्या जागेचा नकाशा काढून कुठे काय सांडू शकतं हे लिहून ठेवावं लागतं. तसा नकाशा काढायला आपल्याला कुणाची नोटीस यायची वाट बघायला नको.

मी गेल्या वर्षी काढला, वहीच्या पानावर. शेड, ड्रमची जागा, वेल्डिंगची जागा, दोन जाळ्या. मग ओहोटीला खाली उतरून जाळीचं तोंड कुठे निघतं ते शोधलं. बावीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. धक्क्याच्या पायऱ्यांपासून चाळीस पावलांवर आहे. तिथेच एक म्हातारी पाटीत कालवं फोडत बसली होती.