मेकाझावाला कोणीच यंत्रमानव म्हणत नाही

एजी नोनाका यांची 'साकिगाके!! क्रोमार्टी हायस्कूल' ही मांगा (जपानी चित्रकथा) मालिका मी ज्यांना ज्यांना वाचायला दिली, त्यातल्या निम्म्या लोकांनी पहिल्या वीस पानांत विचारलं, "यात विनोद कुठे आहे?" प्रश्न रास्त आहे. चित्रं बघाल तर दाट भुवया, कोरीव जबडे, करारी नजरा, प्रत्येक चौकटीत आता रक्त सांडणार असा आव. र्‍योइची इकेगामी या मांगाकाराच्या गंभीर, मर्दानी चित्रशैलीचा थेट वारसा. आणि अशा चेहऱ्यांची पोरं पानंच्या पानं खर्चून अत्यंत फालतू गोष्टींवर मनापासून चर्चा करत बसतात. विनोद तिथेच आहे. पात्रांना तो कळलेला नाही आणि चित्रकारही डोळा मारत नाही.

गोष्ट म्हणावी तर एवढीच. ताकाशी कामियामा हा हुशार, सालस मुलगा. आपल्या ढ मित्राला जवळ बसवून शिकवतो, त्याच्यासोबत म्हणून क्रोमार्टीची प्रवेश परीक्षाही देतो. परगण्यातल्या तमाम वाया गेलेल्या पोरांची ही शाळा, कोणालाही आत घेते. तिथे नेमका मित्रच नापास होतो आणि कामियामा एकटा आत अडकतो. शेजारी जांभळा मोहॉक (डोक्याच्या मधोमध उभ्या केसांचा तुरा) ठेवणारा हायाशिदा. वर्गात एक गोरिला. एक उघडाबंब, मिशीवाला, दणकट माणूस, जो हुबेहूब 'क्वीन' या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीसारखा दिसतो आणि कधीच बोलत नाही, म्हणून सगळे त्याला फ्रेडी म्हणतात. आणि मेकाझावा.

मेकाझावावर मला जरा थांबायचंच आहे. हा पत्र्याचा एक दंडगोल आहे, वर दोन गोल डोळे. साधा, उघड यंत्रमानव. पण वर्गाच्या लेखी तो एक भरवशाचा, दिलदार दोस्त आहे, बस्स. कामियामा, हायाशिदा आणि त्यांचा वर्गमित्र माएदा या तिघांना खटकतं. ते आपसात कुजबुजतात, कोणी विषय काढायचा यावर घोळ घालतात, आणि शेवटी गप्प बसतात, कारण मेकाझावा स्वतःच कोणाच्या तरी अडचणीवर इतक्या आपुलकीने बोलत असतो की त्याला "तू माणूस नाहीस" असं तोंडावर कोण सांगणार? पुढे अपघातानंतर त्याची मोटरसायकल होते. तो मोटरसायकल म्हणूनच वर्गात येतो. तरीही कोणी काही म्हणत नाही.

मला हे नुसतं खुळचट वाटत नाही. जपानमध्ये टग्या शाळकरी पोरांच्या मांगाची मोठी परंपरा आहे. 1980च्या दशकात तर तिचा सुकाळ होता, आणि या मालिकेच्या नावातलं 'साकिगाके'सुद्धा अकिरा मियाशिता यांच्या 'साकिगाके!! ओतोकोजुकू' या त्याच परंपरेतल्या मांगाची आठवण करून देतं. त्या परंपरेत पोराने आपली जागा मुठीने मिळवायची असते. नोनाकांच्या शाळेत जागा मिळवावी लागतच नाही. गोरिला आला, बसला. पहिल्या वर्षाचा दादा ताकेनोउची याला गाडी लागते, विमानही लागतं. सहलीच्या वेळी विमानाचं अपहरण होतं आणि त्या गडबडीत मुखवटा घातलेला अपहरणकर्ताच त्याच्या जागी शाळेत येऊन बसतो. त्यालाही सामावून घेतात. जिथे कोणीच धड नाही तिथे कोणाला बाहेर काढायचं? इतकी उदार शाळा मी दुसऱ्या कुठल्याही मांगात पाहिलेली नाही.

ही मालिका 2000 ते 2006 या काळात 'साप्ताहिक शोनेन मॅगझिन'मध्ये चालली, तिचे 17 खंड झाले आणि 2002मध्ये तिला शोनेन (मुलांसाठीच्या मांगाच्या) गटातला कोदान्शा मांगा पुरस्कार मिळाला.

आता रूपांतरांविषयी. रूपांतर म्हटलं की आपल्याकडचे चाहते लगेच "मूळ कथेला धरून आहे का" हे बघतात. इथे धरायला कथाच नाही. धरायचा आहे तो ठेका: एक वाक्य, मग अवघडलेली शांतता, मग तेवढ्याच गांभीर्याने दुसरं वाक्य.

प्रॉडक्शन आय.जी. या स्टुडिओने केलेली अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन मालिका) 2003च्या ऑक्टोबरपासून 2004च्या मार्चपर्यंत तोक्यो टीव्हीवर आली. 26 भाग, प्रत्येक जेमतेम बारा मिनिटांचा. दिग्दर्शक हिरोआकी साकुराई. तिच्यात हालचाल फार कमी आहे अशी तक्रार मी अनेकदा वाचली आहे. मला ती बिलकुल मान्य नाही. ती स्थिरता हाच त्या कामाचा प्राण आहे. चेहरा गोठलेला, फक्त ओठ हलतायत, आणि दोन सेकंद कोणीच काही बोलत नाही. मांगाच्या चौकटीत जी शांतता वाचकाला स्वतः भरावी लागते, ती इथे घड्याळ लावून मोजून दिली आहे. त्यात मेकाझावाला नोरिओ वाकामोतो यांचा खर्जातला, भारदस्त आवाज. या पत्र्याला दुसरा कुठलाही आवाज मी आता कल्पूच शकत नाही. आणि भाग बारा मिनिटांत संपतो हेही फार शहाणपणाचं. असा विनोद ताणला की तुटतो.

युदाई यामागुची यांचा 2005चा चित्रपट नेमका तिथे कमी पडतो. हाडामासाचे नट आले की त्यांचे चेहरे काहीतरी सांगू लागतात. आपण गमतीदार दृश्यात आहोत हे त्यांच्या देहबोलीतून झिरपतं. मोहॉक टोपासारखा दिसतो, गोरिला पोशाखासारखा. कागदावर ज्या गोष्टी सारख्याच खऱ्या होत्या, त्यातल्या काही पडद्यावर खोट्या ठरतात, आणि एकदा मेकाझावा खोटा वाटला की वर्गाच्या त्या गप्प राहण्याला अर्थच उरत नाही.

या चित्रपटामुळे शाळेच्या नावाचाही वाद झाला. वॉरन क्रोमार्टी हा खरा माणूस आहे, 1984 ते 1990 योमिउरी जायंट्स या जपानी संघाकडून खेळलेला अमेरिकन बेसबॉलपटू, 1989मध्ये फलंदाजीच्या .378 सरासरीने सेंट्रल लीग या जपानी बेसबॉल स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. मालिकेतल्या बास आणि देस्त्रादे या शाळांची नावंही जपानमध्ये गाजलेल्या परदेशी खेळाडूंचीच. गुंडांच्या शाळेला आपलं नाव दिल्याबद्दल क्रोमार्टीने हरकत घेतली आणि चित्रपट रोखण्याची मागणी केली. मी या मालिकेचा कट्टर चाहता आहे, तरी या बाबतीत मी त्याच्या बाजूने आहे. परक्या देशात येऊन घाम गाळून नाव कमावायचं आणि ते कोणी न विचारता वापरायचं, हे कोणालाही लागेल.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी चित्रपट बाजूला ठेवा. अ‍ॅनिमेचे पहिले चार भाग बघा, रोज एक, सलग नको. मग मांगा हातात घ्या आणि होकुतो नावाच्या पात्राच्या चेल्याकडे लक्ष ठेवा. बिचारा आपलं नाव सांगायला तोंड उघडतो आणि दर वेळी कोणीतरी मध्येच बोलतं.