कोकणात वेळापत्रक चालत नाही, हे खरं नाही

मे उजाडला की एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: कोकणात मोठ्या कामांचं वेळापत्रक म्हणजे कागदी घोडे, कारण पाऊस कोणाचं ऐकत नाही. ८० टक्के काम झालं की चिंता मिटली, उरलेलं माणसं वाढवून उरकावं, नाहीच जमलं तर तारीख पुढे ढकलावी. यातला एकेक मुद्दा नुकसान करणारा आहे.

पाऊस ऐकत नाही, कबूल. पण तो न सांगता येतो का? कोकण रेल्वे दरवर्षी वेगळं पावसाळी वेळापत्रक लावते, गाड्यांचा वेग कमी करते. उलट पावसामुळेच इथे वेळापत्रकावर जास्त बारीक नजर हवी. घाटावर पंधरा दिवसांचा उशीर बहुधा पंधरा दिवसांचाच राहतो. इथे मेअखेर संपायचं डांबरीकरण पंधरा दिवस लांबलं, तर ते थेट दिवाळीच्या सुमारास जातं. म्हणून फेब्रुवारीपासून आढावा दर आठवड्याला घ्यायला हवा. महिन्याच्या बैठकीत उशीर कळेपर्यंत सावरायला वेळच उरत नाही.

८० टक्क्यांचं म्हणाल, तर कोकण रेल्वेचाच इतिहास बघा. १९९३ मध्ये मंगळुरू-उडुपी आणि रोहा-वीर हे टप्पे सुरूही झाले होते. साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा कठीण खडकातून पार पडला. पण गोव्यातला जेमतेम दीड किलोमीटरचा पेडण्याचा बोगदा मऊ मातीत पुन्हापुन्हा ढासळत राहिला, आणि सलग मार्गावर गाडी धावायला २६ जानेवारी १९९८ उजाडावा लागला. बाकी सगळं तयार असून शेवटची तारीख त्या एका बोगद्याने ठरवली. तेव्हा किती टक्के झालं हे विचारण्यापेक्षा, ज्या कामावर शेवट अडलाय त्याचे किती दिवस उरलेत, हे विचारा.

माणसं वाढवून काँक्रीट लवकर पक्कं होत नाही. काँक्रीटची ताकद तपासणारी २८ दिवसांची चाचणी २८ दिवसांनीच होते.

तारीख ढकलण्याची सवय मात्र सगळ्यात घातक. समजा, एका बंदरावर जेटी, बर्फाचा कारखाना, जोडरस्ता आणि वीजजोडणी अशी चार कामं चार ठेकेदारांकडे आहेत. चौघांचेही अहवाल "वेळेत" म्हणतात, कारण प्रत्येकाने आपली तारीख गुपचूप सुधारून घेतलेली असते. कारखाना उभा राहतो, पण ट्रान्सफॉर्मर न्यायला रस्ता नसतो. १ ऑगस्टला मासेमारी सुरू होते आणि बर्फ बाहेरून विकत आणावा लागतो. भुर्दंड मच्छीमाराला.

चारही कामं एकाच तक्त्यावर हवीत, एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला जोडलेला. मूळ मंजूर तारीख खोडायची नाही. नवी तारीख तिच्या शेजारी, कारणासकट आणि मंजुरी देणाऱ्याच्या सहीनिशी लिहायची. आणि तो तक्ता ठेकेदारांच्या फायलीत न राहता बंदरावर, मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर लागला पाहिजे.