प्रतिक्रियेला उत्तर: माउसने टायट्रेशन शिकता येतं का?

नमस्कार. तुमचा आक्षेप असा, की सिम्युलेशनमध्ये (संगणकावरच्या आभासी प्रयोगात) माउसने तोटी फिरवून टायट्रेशन (एका द्रावणात दुसरं मोजून थेंबाथेंबाने सोडत त्याची तीव्रता काढणं) शिकवणं म्हणजे काठावर बसून पोहणं शिकवणं, आणि खरी ब्युरेट (खाली तोटी असलेली, मापाच्या खुणांची काचनळी) हातात आली की ही मुलं गडबडतात.

गडबडतात, हे मान्य. डाव्या हाताने तोटी, उजव्या हाताने फ्लास्क फिरवणं, नजर मेनिस्कसच्या (नळीतल्या द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाच्या) पातळीत, शेवटी टोकाला लोंबणारा अर्धा थेंब फ्लास्कच्या आतल्या बाजूला टेकवून पाण्याने खाली धुणं, हे पडद्यावर येत नाही. माझ्या लेखात सिम्युलेशनला प्रयोगशाळेचा ‘पर्याय’ लिहिलं, तिथे ‘पूर्वतयारी’ हवं होतं.

पण गडबड फक्त हाताची नसते. ०.१ मोलर ॲसेटिक ॲसिड १० मिली घ्या, ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. मिथिल ऑरेंज हा इंडिकेटर (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, बदललं की रंग बदलणारं द्रव्य) टाकला तर साधारण ३ मिलीलाच फ्लास्क पिवळा, कारण पीएच ४.४ तिथेच गाठला जातो. समतुल्य बिंदू (जिथे ॲसिडला सोडियम हायड्रॉक्साइड नेमकं पुरं पडतं) मात्र १० मिलीला, पीएच ८.७ च्या आसपास. तिथे फिनॉल्फ्थॅलिनच हवं. सिम्युलेशनमध्ये शेजारी पीएचचा आलेख उघडा ठेवून दोन्ही इंडिकेटर एकामागून एक वापरून बघितले, की पाठांतराची गरज उरत नाही.

सिम्युलेशन निवडताना मी एकच बघतो: त्यात चूक करता येते का? ब्युरेट द्रावणाने न विसळता तिच्यात १ मिली पाणी राहू दिलं, तर ५० मिलीत द्रावण सुमारे २ टक्के पातळ होतं आणि १०.० चं रीडिंग १०.२ येतं. तोटीखालचा ०.३ मिलीचा बुडबुडा मध्येच निसटला तर १०.३. दोन्ही वेळा ॲसिड आहे त्याहून तीव्र ठरतं. फ्लास्कमध्ये राहिलेल्या पाण्याने मात्र काहीच बिघडत नाही, ॲसिडचे मोल, म्हणजे त्याचं एकूण प्रमाण, तेवढेच राहतात. (पुष्कळजण नेमकं उलट करतात: फ्लास्क ॲसिडने विसळतात, ब्युरेट पाण्याने.) जिथे ब्युरेट आपोआप भरते आणि रीडिंग दर वेळी तंतोतंत १०.०० येतं, ते निव्वळ ॲनिमेशन.

हाताच्या सरावाला रसायनं लागत नाहीत. साधं पाणी आणि तराजू पुरे. २५ अंश सेल्सिअसला पिपेटमधून (ठरावीक माप उचलणाऱ्या काचनळीतून) सोडलेलं १० मिली पाणी ९.९७ ग्रॅम भरलं पाहिजे. टोकातला शेवटचा थेंब फुंकला तर जास्त भरेल. ब्युरेटमधून २० थेंब मोजून सोडा, वजन १ ग्रॅमच्या आसपास येतं. म्हणजे थेंब ०.०५ मिलीचा, ब्युरेटच्या सर्वांत लहान भागाच्या निम्मा. मग अर्ध्या थेंबासाठी एवढी धडपड का, ते कळतं.

एक गोष्ट मात्र आधी तोंडी सांगून ठेवा. पडद्यावरचा फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग टिकून राहतो. खऱ्या फ्लास्कमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून तो हळूहळू विरतो, आणि विद्यार्थी ‘अजून झालं नाही’ म्हणून पुन्हा थेंब सोडत बसतो. फिकट गुलाबी ३० सेकंद टिकला, की तोटी बंद.