जनगणनेवाले दारात आले की घरातलं माणूस लपवू नका

जावेद आबिदी हे नाव आमच्या मराठवाड्यात फारसं कुणाला माहीत नाही आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. दरवर्षी ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला, तालुक्याला मंडप पडतो, तीनचाकी सायकली वाटतात, फोटो निघतात, भाषणात सगळ्या मोठ्या माणसांची नावं येतात, पण या माणसाचं येत नाही. आणि आज देशात दिव्यांगांसाठी जो कायदा आहे ना, तो यावा म्हणून सगळ्यात जास्त कुणी डोकं आपटलं असेल तर या माणसानं.

१९६५ ला अलीगढला जन्म, मणक्याचा जन्मजात आजार, पंधरा वर्षाचे असल्यापासून व्हीलचेअर. अमेरिकेत पत्रकारिता शिकून आले. १९ डिसेंबर १९९५ ला दिल्लीत दिव्यांगांचा मोर्चा काढला आणि त्याच आठवड्यात, २२ तारखेला, पहिला दिव्यांग कायदा संसदेत मंजूर झाला. पुढं विमान प्रवासाच्या सवलतीसाठी सुप्रीम कोर्टात गेले, २००४ ला मतदान केंद्रावर रॅम्प पाहिजे म्हणून परत कोर्टात. २०१६ च्या नव्या कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार ७ चे २१ झाले आणि नोकरीतलं आरक्षण ३ चं ४ टक्के झालं, त्याच्यासाठी पण वर्षानुवर्षं मागं लागलेले होते. ४ मार्च २०१८ ला गेले, वय फक्त ५२.

पण मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते जनगणनेचं, आणि त्याच्यावर कुणी बोलत नाही म्हणून एवढं लिहायलोय.

१९८१ च्या जनगणनेत दिव्यांगांबद्दल प्रश्न होता, १९९१ ला काढून टाकला. २००१ ला पण घ्यायचा नाही असंच चाललं होतं. आबिदी आणि त्यांचे सहकारी अडून बसले, आंदोलन केलं, आणि शेवटी प्रश्न फॉर्मवर आला. एक प्रश्न! लोक म्हणतील त्यात काय एवढं, पण ज्याची गिनतीच नाही त्याच्यासाठी बजेट कोण ठेवणार, शाळेला रॅम्प कोण बांधणार? त्या एका प्रश्नामुळं २००१ ला देशात २ कोटी १९ लाख दिव्यांग आहेत हे कागदावर आलं, २०११ ला २ कोटी ६८ लाख, त्यात आपल्या महाराष्ट्रात साडे एकोणतीस लाखांच्या वर.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, २०११ ला परभणी जिल्ह्यात प्रगणक म्हणून, म्हणजे घरोघरी जाऊन जनगणनेचा फॉर्म भरायची, ड्युटी होती. एका घरी ओसरीवर बसून फॉर्म भरायलो, नाव, वय, शिक्षण सगळं पटापट सांगितलं, दिव्यांगत्वाचा प्रश्न आला की घरमालक म्हणले सगळे धडधाकट आहेत. तेवढ्यात त्यांची पोरगी चहा घेऊन आली, एका हातात कपबशी आणि दुसरा हात गुडघ्यावर दाबून प्रत्येक पाऊल टाकत, पोलिओ झालेली माणसं चालतात तसं. मी त्यांच्याकडं बघितलं. ते हळूच म्हणले, "गुरुजी, तेवढं लिहू नका, पोरीला स्थळं बघायलोत." मी पेन खाली ठेवला आणि सांगितलं की दादा, १९४८ चा कायदा आहे, ह्या फॉर्मवर जे लिहिलं ते कुणाला दाखवता येत नाही, कोर्टात पुरावा म्हणून पण चालत नाही, सोयऱ्याला कुठून कळणार? ते गप्पच. तर पोरगीच म्हणली, "लिहा की गुरुजी, सगळ्या गावाला तर दिसतंय." लिहिलं मग.

त्या पोरीनं जे केलं ते किती घरात होत असेल? बापाला मी दोष देत नाही, सोयरीक मोडायची भीती खोटी नाही आपल्याकडं. पण हे फक्त पायाचं झालं. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याला "बाहेरचं आहे" म्हणतात, म्हाताऱ्या आईला ऐकू येत नाही तर "वयच झालं", मतिमंद लेकरू तर पाहुणे आले की आतल्या खोलीत. म्हणून माझं ठाम मत आहे की तो साडे एकोणतीस लाखांचा आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी आहे.

आणि ह्याचा फटका थेट गावात बसतो. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असा नियम आहे महाराष्ट्रात. ग्रामसभेत विचारलं की उत्तर येतं, आपल्या गावात दिव्यांग आहेतच किती? रजिस्टरला चार नावं, गल्लीत फिरलं तर वीस दिसतील! सर्टिफिकेटसाठी जिल्ह्याला चकरा मारायच्या, दिवसाची मजुरी बुडवायची, सोबत एक माणूस न्यायचा, म्हणून कित्येक जण जातच नाहीत, तो त्रास मला माहीत आहे. पण जनगणनेला सर्टिफिकेट लागत नाही, पैसे लागत नाहीत, माणूस तुमच्या दारात येतो. नुसतं तोंडानं सांगायचंय.

फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची मोजणी आहे, यावेळी मोबाईलवर. सध्या सगळीकडं जातीचीच चर्चा चालूय, ती पण महत्त्वाचीच आहे, पण त्या गोंधळात हे राहून जाऊ नये.

आणि माझ्या शिक्षक बंधू-भगिनींनो, ड्युटी आपल्यालाच लागणार आहे. उन्हातान्हात घरं संपवायची घाई असते, मला कळतं. पण "सगळे धडधाकट ना?" असं विचारून पुढं जाऊ नका. एकेकाचं नाव घेऊन विचारा, आजीला नीट दिसतं का, ऐकू येतं का, लेकरू बोलतं का, चालतं का. आतल्या खोलीत कोण आहे ते पण विचारा. आणि शक्यतो त्या माणसालाच विचारा.