बसली म्हणजे चालली? रॅमच्या फॉरवर्डला उत्तर

व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरतोय. थोडक्यात असा: जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ नका, स्वस्तातली रॅम आणा, स्लॉटमध्ये बसली म्हणजे चालणारच. ६४-बिट विंडोज टाकलं की रॅमला मर्यादाच नाही. स्पीड जुळला नाही तरी बिघडत नाही. आणि जितकी रॅम जास्त, तितका वेग जास्त.

जुनं मशीन वाचवा, इथवर मीही सोबत आहे. पुढच्या मुद्द्यांचं मात्र बघू.

‘बसली म्हणजे चालणारच’

डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्या. त्यांच्या पट्टीच्या (स्टिकच्या) कडेवरच्या खाचा वेगळ्या जागी असतात, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसत नाही. खाचेचं काम तिथे संपतं. रॅम चालणार की नाही हे ठरवतो मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी बोलणारा भाग. तो पूर्वी इंटेलच्या चिपसेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपमध्ये असायचा, आता प्रोसेसरमध्येच असतो.

जी४१ चिपसेटचे बोर्ड घ्या. कोअर २ ड्युओच्या काळातले, अजूनही कित्येक दुकानांत बिलिंगला जुंपलेले. त्यातल्या डीडीआर३ बोर्डांवर दोन स्लॉट, मर्यादा ८ जीबी. म्हणजे ४ जीबीच्या दोन स्टिक आणल्या की झालं? नाही. हा चिपसेट २ गिगाबिटपर्यंतच्याच चिप ओळखतो (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी). ४ जीबीच्या स्टिकवर दोन्ही बाजूंना आठ-आठ अशा सोळा चिप असतील तर प्रत्येक चिप २ गिगाबिटची, ती चालते. आठच चिप असतील तर प्रत्येक चिप ४ गिगाबिटची, आणि बोर्ड तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. बीप वाजतो, डिस्प्ले येत नाही. दोन्ही स्टिकवर ‘४ जीबी डीडीआर३’ असंच छापलेलं असतं. फरक लेबलवरच्या बारीक अक्षरांत: सोळावाली ‘२आर×८’, आठवाली ‘१आर×८’. दुकानदाराला सोळा चिपवाली मागा. अनुभवी माणूस लगेच समजतो.

अशीच आणखी दोन फसवी मंडळी. सर्व्हरमधून निघालेली ‘रजिस्टर्ड’ प्रकारची डीडीआर४ स्वस्त मिळते आणि घरच्या डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये अगदी नीट बसते, पण मशीन सुरू होत नाही. आणि ‘फक्त एएमडीसाठी’ (म्हणजे एएमडी कंपनीच्या प्रोसेसरसाठी) म्हणून ऑनलाइन विकली जाणारी डीडीआर३. इंटेलच्या बोर्डवर तिचा उपयोग शून्य.

लॅपटॉपवाल्यांनी व्होल्टेजही पाहावं. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५वर. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या यू मालिकेचे प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपना डीडीआर३एलच लागते, आणि खाच दोघींची एकाच जागी!

‘६४-बिट टाका, मर्यादा संपली’

३२-बिट विंडोजमध्ये ४ जीबी बसवूनही साधारण ३ ते ३.५ जीबीच वापरता येते, हे खरं. पण इंटेलच्या ९४५ चिपसेटवर ६४-बिट टाकूनही तेवढीच दिसते, कारण मेमरीच्या किती जागांना पत्ते देता येतात, याची मर्यादा चिपसेटचीच आहे. शिवाय विंडोजच्या आवृत्तीचीही स्वतःची मर्यादा असते: ६४-बिट विंडोज ७ होम बेसिक ८ जीबीवर थांबतं, होम प्रीमियम १६वर.

‘स्पीड जुळला नाही तरी चालतं’

हे बऱ्याच अंशी बरोबर आहे. दोन्ही स्टिक सगळ्यात हळू असेल तिच्या स्पीडने चालतात. फक्त वरच्या स्पीडचे पैसे वाया जातात. आय३-८१०० प्रोसेसर आणि एच३१० चिपसेटच्या बोर्डवर ३२०० स्पीडची डीडीआर४ लावली तरी ती २४००नेच चालणार. ४ आणि ८ जीबीची जोडीही इंटेलवर सहसा चालते: ४+४ ड्युअल चॅनलमध्ये (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरून), उरलेली ४ सिंगलमध्ये.

‘जास्त रॅम म्हणजे जास्त वेग’

रॅम कमी पडत असेल, तरच. रोजची कामं उघडी ठेवून टास्क मॅनेजर बघा. मेमरी निम्मीच भरलेली आणि डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसली, तर रॅमचे पैसे एसएसडीत, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान स्टोरेजमध्ये घाला. फॉरवर्डमध्ये एसएसडीचा उल्लेखही नाही, याचं मला खरं आश्चर्य वाटतं.

आणि पातळ लॅपटॉपवाल्यांना तर हा सल्ला लागूच होत नाही. मॅकबुक एअरमध्ये पहिल्यापासून रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असायची. ॲपलच्या स्वतःच्या चिप आल्यापासून ती प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये आहे. इंटेलच्या २०२४च्या कोअर अल्ट्रा २००व्हीमध्येही तसंच, १६ किंवा ३२ जीबी. तिथे स्लॉटच नाही, त्यामुळे ‘नंतर वाढवू’ म्हणून कमी रॅमचं मॉडेल घेऊ नका.